गावंडे मॅडमचं जेवण

गावंडे मॅडम आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना अंग तिरकं करून दारातून आत यावं लागलं. मूर्तिजापूरच्या पुढं, आत एका गावी, बौद्ध वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर. दार अरुंद, मॅडम रुंद. आम्ही सगळे अवघडलो. त्या मात्र उंबरठ्यात थांबून म्हणाल्या, "अडकली तं मागून ढकला बाप्पा. लाजू नका."

माय तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत. ते बाजार समितीत हमाली करायचे, आणि मॅडम कशाला आल्या हे त्यांना ठाऊक होतं. मी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाले होते. मला अमरावतीला बी.एस्सी.ला जायचं होतं आणि बाबांनी नाही म्हटलं होतं. मॅडम आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण मार्कशीट घ्यायला गेले तेव्हा माझं तोंड पाहून त्यांनीच ओळखलं.

"भाऊ, मी समजावाले नाही आली," मॅडम बसता बसता म्हणाल्या. "भूक लागली म्हणून आली. मित्रा म्हणते, तिच्या माईच्या हाताले चव हाय."

मी असं काही म्हटलं नव्हतं. माझं नाव संघमित्रा. मित्रा म्हणून हाक मारणाऱ्या त्या पहिल्या.

माईनं चूल पेटवली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मॅडम खाली बसू शकत नव्हत्या, म्हणून शेजारून लोखंडी खुर्ची आणली. त्या मनापासून जेवल्या. तिसरी भाकर त्यांनी स्वतः मागून घेतली, माठातलं पाणी मागून प्यायल्या, गिलास परत पुढं केला आणि म्हणाल्या, "अजून द्या ताई. ठेच्यानं कान पेटले."

हे आमच्या वस्तीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. त्याआधीही आमच्याकडे मास्तर लोक यायचे. मतदार यादी, घरांची मोजणी, काही ना काही काम असायचं. ते गल्लीत उभे राहून नावं विचारायचे. चहा म्हटलं की "आत्ताच झाला". पाणी म्हटलं की "तहान नाही". भर उन्हात तहान नाही! माय भरलेला गिलास तसाच आत नेऊन ठेवायची.

हात धुतल्यावर मॅडमनी विषय काढला. बाबा म्हणाले, "एकटी पोट्टी तिकडं ठेवाची. लोक काय म्हणतीन मॅडम?"

"लोक तं मले पाहून बी लय काही म्हणतात भाऊ. म्हणून म्यां तुमच्या घरची भाकर सोडली का?"

बाबा हसले. त्या रात्री ते माईला म्हणाले, "जे बाई आपल्या घरी पोटभर जेवली ते आपल्याले खोटं नाही सांगणार." मी अमरावतीला गेले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी कुठंही सांगते, कोणी विचारो न विचारो.

पुढं एम.एस्सी., बी.एड. करून मी अमरावतीतच नोकरीला लागले. माझी बारावी ज्या संस्थेत झाली तिचंच ते कॉलेज, आणि मॅडम तोवर बदली होऊन त्याच कॉलेजात आल्या होत्या. ज्यांच्यासमोर बाकावर बसले त्यांच्या शेजारी आता स्टाफरूममध्ये बसायचं, याची मला लाज नाही, ऐट वाटायची. त्या काळातल्या मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजचा आवाज. ऑटोवाला म्हणाला, "थांबा, अजून एक सीट येऊ द्या," की त्या सांगायच्या, "येऊन बसली आहे. ती पण मीच." स्निग्ध पदार्थांचा धडा शिकवताना फळ्यावर आकृती काढायच्या नाहीत. स्वतःकडं बोट दाखवायच्या, "सजीव नमुना समोर आहे, नीट पाहून घ्या." पोरं हसून हसून बाकावर आपटायची.

एकदा मी विचारलं, "मॅडम, स्वतःवरच कशाला इतकं बोलता?"

"दुसऱ्यानं बोलाच्या आधी आपण बोलून घ्यावं. मंग त्याचा गोटा त्याच्याच हातात राह्यते."

शुक्रवारी फाटकावरच्या गाडीवरून गिला वडा यायचा. कोणाला किती, चटणी कोणाला जास्त, सगळं मॅडम पाहायच्या. दुसऱ्याला खाऊ घालायची त्यांना फार हौस. कोणी नको म्हटलं की प्लेट त्याच्या नाकाखाली धरायच्या.

पण त्यांचा तास दुसऱ्या मजल्यावर असायचा. जिन्याच्या वळणावर त्या थांबायच्या आणि पोरांना ओरडायच्या, "पाहू बरं, कोण आधी वर पोहोचतं!" पोरं धावत सुटायची. मग मॅडम कठड्याला धरून उभ्या राहायच्या. चेहरा लाल, ओठ निळसर. साखर होती, गुडघे गेले होते, रात्री आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून उशाला टेकून बसल्या बसल्या झोपायच्या. हे त्यांच्या मिस्टरांकडून कळलं. ते कृषी खात्यात होते. एकदा त्यांना घ्यायला आले आणि जिन्याखाली माझ्याशी बोलले, तेव्हा त्यांच्या आवाजात भीती होती.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडम नागपूरला भावाकडं गेल्या, एवढंच आम्हाला माहीत. कॉलेज सुरू झालं तेव्हा त्या बऱ्याच उतरल्या होत्या. दिवाळीपर्यंत निम्म्या झाल्या. विचारलं की म्हणायच्या, "योगा. अन् रात्रीचं जेवण बंद."

योगानं बांगड्या कोपरापर्यंत चढत नाहीत, एवढं सगळ्यांना कळत होतं. बायका आपसात बोलायच्या. कोणी म्हणे साखर बिघडली, कोणी म्हणे घरात काही तरी आहे, आणि कोणी फक्त "तो आजार" म्हणून गप्प व्हायचं. केस इतके गळले की मॅडमनी ते कापूनच टाकले. पंख्याखाली शाल घेऊन बसायच्या. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालू लागल्या, तो महिन्याभरात खांद्यावरून घसरायचा.

मला वजनापेक्षा दुसरीच गोष्ट खटकायची. मॅडम गप्प झाल्या होत्या. शुक्रवारी वडे आले की त्यांना ग्रंथालयात काम निघायचं. डबा खाताना खुर्ची खिडकीकडं फिरवायच्या. पोराच्या डब्यासारखा छोटा डबा. एक चमचा तोंडात घालायचा, चमचा खाली ठेवायचा, चावत राहायचं, बाहेर पाहत राहायचं. त्यांचे सगळे विनोद त्यांच्या अंगावर उभे होते. अंग गेलं आणि बोलायला विषयच उरला नाही, असं वाटायचं.

एकदा प्रयोगशाळेत काचपट्ट्यांचा डबा सांडला. गोळा करायला मॅडम खाली बसल्या. पट्ट्या उचलून झाल्या तरी उठेनात. मी घाबरून जवळ गेले, तर डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू.

"मित्रा, मांडी घातल्या गेली वं. मले समजलं बी नाही."

मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. आम्ही दोघी तशाच बसून होतो. मला वाटलं, आता सांगतील. नाही सांगितलं.

त्याच वर्षी आमचं अमरावतीतलं घर पूर्ण झालं. भंतेजी आले, वंदना झाली, गच्चीवर मांडव घालून जेवण ठेवलं. गावाकडून गाडी भरून माणसं आली. माय त्या दिवशी इतकी खूश होती की पाहुण्याला बसू द्यायची नाही आणि उठूही द्यायची नाही. बाबा तोवर राहिले नव्हते. त्यांच्या वाट्याचा आनंदही तिनंच करायचा होता.

मॅडम उशिरा आल्या. माईनं त्यांना ओळखलंच नाही. मग ओळखल्यावर हात धरून सगळ्यांत पुढं नेऊन बसवलं आणि गावच्या बायकांना सांगितलं, "ह्याच त्या मॅडमबाई. ह्यायच्यापायी माही पोरगी शिकली." ताट स्वतः वाढलं. वांग्याची भाजी मुद्दाम तिनं पहाटे उठून केली होती, आचाऱ्याला हात लावू दिला नव्हता.

मॅडमनी दोन घास घेतले. पोळीचा तुकडा वरणात बुडवला, बोटानं ताटातल्या ताटात इकडचं तिकडं केलं. माय समोर उभी होती. "घ्या ना जी. आवडली नाही का?" मॅडमनी घाईनं एक मोठा घास घेतला. मग त्यांचा चेहरा बदलला. माय पाण्याचा गिलास घेऊन वाकली. मॅडमनी हातानं गिलास अडवला.

"पाणी नको."

"थोडंसं घ्या ना."

"नको ताई. पाणी नको."

माय खालच्या आवाजात म्हणाली, "फिल्टरचं हाय, मॅडमबाई."

मॅडम उठल्या. तोंडावर रुमाल, डोळे भरलेले. कोणाकडं न पाहता जिना उतरून निघून गेल्या. भरलेलं ताट तसंच. गच्चीवरच्या सगळ्या बायकांनी पाहिलं.

माझी मावशी, कुसुममावशी, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "पाह्यलं का? शिकून बी जे हाय ते हायच."

"तसं नाही वं," माय म्हणाली. "तवा आपल्या घरी माठातलं पेल्या होत्या."

"तवा तू गरीब होती. गरिबाच्या घरी जेवलं की पुण्य लागते. आता तू माडीवर आली, बरोबरीले बसली. आता घशाखाली नाही उतरत."

संध्याकाळी मांडव सोडत होते तेव्हा पाहिलं, तो गिलास अजून माईजवळ होता. तिनं ते पाणी स्वतः पिऊन टाकलं, गिलास धुतला आणि पालथा घातला. पुढं गावी जाईपर्यंत तिनं मॅडमचं नाव काढलं नाही.

सोमवारी मी कॉलेजात गेले ते सरळ प्रयोगशाळेत. आत मॅडम एकट्याच होत्या. मला आडून बोलता येत नाही, येत असतं तरी बोलले नसते.

"मॅडम, माझ्या माईच्या हातचं पाणी तुम्हाला का नको झालं?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या स्टुलावर बसल्या.

"काय म्हणाली तुझी माय?"

"काही नाही म्हणाली. म्हणून तर विचारते. मावशी मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, शिकून बी जे हाय ते हायच."

मॅडमनी उठून दार लावलं. तेव्हा मला पहिल्यांदा सगळं कळलं. नागपूरला त्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं. पोटाचा मोठा भाग कापून काढला होता. आता वाटीभर मावतं, तेही पेस्ट होईपर्यंत चावून. जेवताना पाणी चालत नाही, अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर. घाईत मोठा घास गेला तर छातीत दगड अडकल्यासारखा अडकतो, आणि त्यावर पाणी घेतलं तर सगळं बाहेर. "तुझ्या माईसमोर ताटात ओकली असती मी. खाली गेली, कोपऱ्यावरच्या नालीपाशी उलटी केली, तशीच घरी गेली. मले वाटलं, वाचली. कोणी पाह्यलं नाही."

"पण सांगितलं का नाही कोणाला?"

"काय सांगू? आहाराचा धडा शिकवणारी बाई, तिचं स्वतःच्या तोंडावर चाललं नाही म्हणून पोट कापून आली? सासू म्हणे, चार लोकांत सांगू नको, हसतील. मले बी तेच वाटलं. जाडीवर हसले तं मी आधी हसायची. याच्यावर मले हसता येईना."

मग खूप वेळ त्या बोलत राहिल्या. पहिले काही आठवडे वरणाचं पाणी. घरात फोडणी बसली की ओट्यावर डोकं टेकून रडायचं. सणाला हौसेनं बुंदीचे चार दाणे तोंडात टाकले तर घाम सुटला, छाती धडधडली, पलंगावर पडून राहावं लागलं. "डॉक्टरनं पोट कापलं मित्रा, सवय नाही कापली. माहा अख्खा दिवस खाण्याभोवती फिरायचा. काय करायचं, कोणाले खाऊ घालायचं. ते गेलं अन् दिवस इतका मोठा झाला, की त्याचं काय करू समजे ना."

पण त्याच श्वासात हेही म्हणाल्या, की साखरेच्या गोळ्या सुटल्या. आडवं होऊन झोपता येतं. कितीक वर्षांनी स्वतःच्या पायाची नखं स्वतः कापली, तेव्हा मिस्टरांना हाक मारून दाखवली.

मी म्हटलं, "झालं तर मग. मी माईला सांगते, गोष्ट मिटली."

"नाही. तू नको सांगू." आवाज जुना होता, वर्गातला. "तू सांगशीन तं माय मानेल. तुझी मावशी मानणार नाही, म्हणेल पोरगी मॅडमची बाजू घेऊन राह्यली. तुझ्या माईचा अपमान चार लोकांत झाला, मी केला असो का नसो. तो चार लोकांतच उतरला पाह्यजे."

गैरसमज झाला असं म्हणून माणसाला सुटता येतं. उलट रागावताही येतं, की माझ्यावर असा संशय घेतलाच कसा. मॅडमनी दोन्ही केलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की ती सगळी माणसं परत कधी जमणार आहेत.

कुसुममावशीच्या नातवाचं नामकरण होतं. मॅडम बसनं मूर्तिजापूरला आल्या, तिथून मी त्यांना घेऊन गेले. रस्ताभर त्या पर्स उघडत-मिटत होत्या. एवढ्या मोठ्या वर्गापुढं कधी न घाबरलेली बाई घाबरली होती. एकदा म्हणाल्या, "अजून परत जाता येईल, नाही का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, "नाही, चल."

मावशीच्या अंगणात सतरंजीवर बायका बसल्या होत्या. मॅडमना पाहून बोलणं थांबलं. माय खांबाला टेकून होती, ती उठली नाही. मॅडम सरळ मावशीसमोर गेल्या.

"कुसुमताई, पाणी द्या."

मावशीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग गिलास दिला. मॅडमनी घोट घोट करून सगळा प्यायला.

"आताच प्यावं लागते मले. जेवायच्या वक्ताला चालत नाही. का चालत नाही ते सांगाले आली." मग त्या सतरंजीवर बसल्या. मांडी घालून. "भरताचं वांगं असते ना, तेवढं माणसाचं पोट. माहं तं कोहळ्याएवढं झालं असन. डॉक्टरनं ते कापलं अन् केळाएवढं ठेवलं. त्याच्यात माणूस किती खाईन अन् किती पिईन? त्या दिवशी ताईनं पाणी देल्लं, तवा घास इथं अडकला होता. गिलास घेतला असता तं तुमच्या पंगतीत ओकली असती. अन् हे सांगाची लाज वाटली म्हणून पळाली. माह्या लाजेपायी ताईले खाली पाहा लागलं. ते चुकलं माहं."

मावशी म्हणाली, "टाके दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र उठल्या, म्हणाल्या, "चला." सगळ्या बायका त्यांच्या मागं आतल्या खोलीत घुसल्या. दार लागलं. थोड्या वेळानं आतून मावशीचा आवाज आला, "इतलुशे? बटनाच्या भोकाएवढे! म्यां म्हटलं पोतं फाडल्यावानी फाडलं असन." आणि मग जे हसणं फुटलं, त्यात सगळ्यांत वरचा आवाज मॅडमचा होता. त्यांचं ते हसणं मी जवळपास वर्षभर ऐकलं नव्हतं.

माय आत गेली नव्हती. मॅडम बाहेर येऊन तिच्याजवळ बसल्या.

माय म्हणाली, "भूक लागते का जी?"

"पोटाले नाही लागत ताई. डोळ्यायले लागते."

"मंग आधी काहून नाही सांगतलं? लाजेपायी उपाशी गेल्या तुमी माह्या दारातून. अन् मी इतके दिवस..." मॅडमनी तिचा हात धरला, तिनं सोडवला नाही.

जेवायची वेळ झाली तेव्हा माईनं मऊ भाकर वरणात कुस्करली, अगदी लोण्यासारखी केली. मावशी आतून बाळाला आहेरात आलेली नवीकोरी वाटी-चमचा घेऊन आली आणि मॅडमच्या हातात दिली. म्हणाली, "नामकरण माह्या नातवाचं, अन् उष्टावण मॅडमचं!" बायका पुन्हा हसल्या. पंगत उठली, भांडी निघाली, तरी मॅडम त्या वाटीतलं खात होत्या, आणि माय शेजारी बसून त्यांना वारा घालत होती. कोणी घाई केली तर डोळे वटारत होती.

गोष्ट गावातून मूर्तिजापुरात, तिथून अमरावतीत आणि मॅडमच्या अकोल्याच्या नातेवाइकांपर्यंत गेलीच. मॅडमच्या सासूनं बोलणं टाकलं. मिस्टर भले माणूस, पण तेही म्हणाले, सांगायची काय गरज होती? त्यांना काय उत्तर दिलं ते मॅडमनीच मला सांगितलं, "म्हटलं, त्या माउलीनं भरलेला गिलास धरून उभं राहावं, अन् म्यां माही इज्जत जपत बसावं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलं?" स्टाफरूममध्ये एकानं टोमणा मारला, की आम्ही योगा सुरू केला होता, उगाच घाम गाळला. मॅडम म्हणाल्या, "करत राहा सर. पोट लहान झालं माझं, तोंड अजून तेवढंच आहे." मला तेव्हा खरंच वाटलं, परत आल्या.

पण सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. मॅडमना ते आवडणार नाही. त्यानंतरही त्यांचे वाईट दिवस यायचे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या-इंजेक्शनं चुकली की चक्कर यायची. दंडाची, पोटाची कातडी लोंबायची, आरशासमोर उभ्या राहिल्या की म्हणायच्या, "पिशवी रिकामी झाली, पण पिशवीच राह्यली." एकदा रागाच्या भरात अर्धा वडा खाल्ला आणि मला फोन केला, नुसतं रडल्या. अशा वेळी मी फार काही करू शकत नसे. माय करायची. ती गावाहून मुगाची घट्ट उसळ पाठवायची, मीठ कमी, तिखट नावाला. तिचा फोन आला की आधी माझी नाही, मॅडमबाईची चौकशी. "गोळी घेतली का म्हणा. पाणी पेल्या का म्हणा." शाळेचं तोंड न पाहिलेली माझी माय आणि जीवशास्त्राच्या मॅडम फोनवर अर्धा अर्धा तास काय बोलायच्या, मला अजून माहीत नाही. मी विचारलं की माय म्हणे, "तुले नाही समजत."

मॅडमनी मला कॉलेजात पाठवलं, याचे आभार मी मानतेच. पण माझ्या माईला कोणीतरी खुलासा दिला, तिच्या अंगणात येऊन, मांडी घालून, तिच्या माणसांसमोर, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. त्याचे आभार कसे मानायचे ते पदवीत शिकवत नाहीत.

निवृत्तीनंतर मॅडम अकोल्याला गेल्या, मुलीच्या जवळ. मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न अकोल्याला होतं. माय आणि मी गेलो. दुपारचं जेवण, मोठं सभागृह, उभ्यानं घ्यायचं. मॅडम भेटल्या, माईच्या गळ्यात पडल्या. केस परत आले होते, पांढरे झाले होते. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात मॅडमचं लक्ष पलीकडं गेलं.

कोपऱ्यात एक तरुण बाई बसली होती. सुटलेला ब्लाउज, विरळ केस, हातात गच्च भरलेली प्लेट. शेजारी सासू असावी, ती वाकून सांगत होती, "इतलं तं खाय. लोक म्हणतीन सुनेले उपाशी ठेवून राह्यली." ती बाई मान खाली घालून घास उचलायची आणि परत ठेवायची.

मॅडम आम्हाला काही न सांगता तिकडं गेल्या. खुर्ची ओढून दोघींच्या मधोमध बसल्या. सासूला काय म्हणाल्या ते इतक्या गर्दीत ऐकू आलं नाही, पण त्यांनी आपल्या पोटावर थाप मारली, बोटांनी एवढं-एवढं करून दाखवलं, आणि सासूचा हात तोंडावर गेला. मग मॅडमनी त्या प्लेटमधलं बरंचसं दुसऱ्या प्लेटमध्ये काढून सासूच्याच हातात दिलं. राहिलेल्यातून एक छोटा घास स्वतः घेतला, केवढा घ्यायचा ते तिला दाखवलं.

आमचं जेवण झालं, बस गाठायची होती. निरोप घ्यायला मी पुढं निघाले, तर माईनं मला मागं ओढलं. "राहू दे. जेवून राह्यल्या त्या."

दारातून मी एकदा वळून पाहिलं. पाहुणे पांगले होते, सासूही उठून गेली होती. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालत त्यांच्यापर्यंत आली आणि वळसा घालून पुढं गेली. एवढ्या मोठ्या रिकाम्या सभागृहात दोघी बायका एका प्लेटवर वाकून सावकाश चावत बसल्या होत्या.